थर्ड बेसवर कोण?

नमस्कार श्रोतेहो.

बेसबॉलच्या मोसमात एका संघाच्या वाट्याला एकशे बासष्ट सामने येतात, म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज एक. इतकं खेळल्यावर हरणं अंगवळणी पडतं. भल्याभल्या संघांनाही साठेक पराभव पचवावे लागतात. बॉस्टन रेड सॉक्सच्या चाहत्यांचे खरे हाल होतात ते मोसम संपल्यावर. फेनवे पार्क या घरच्या मैदानावर बर्फ साचलेलं असतं, खेळाडू आपापल्या गावी गेलेले असतात आणि ऑफिसात बसलेली माणसं फोनवर त्यांची देवाणघेवाण करत असतात. जानेवारी 2026 संपत आला आहे. आमच्या संघाच्या थर्ड बेसवर, म्हणजे मैदानातल्या तिसऱ्या टप्प्यापाशी क्षेत्ररक्षणाला, कोण उभं राहणार, हे अजून कुणाला ठाऊक नाही. गेल्या मोसमात त्या जागेसाठी आमच्याकडे दोन मातब्बर खेळाडू होते. आज दोघांपैकी एकही नाही. हे कसं झालं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी आधी थोडा खुलासा. बेसबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू फ्री एजंट होतो आणि जो संघ चांगला करार देईल तिकडे जाऊ शकतो. तोपर्यंत त्याचा संघ त्याला कुठेही पाठवू शकतो आणि त्याची संमती लागत नाही. लांबचा करार केला तरी फरक पडत नाही, कारण करारासकट पाठवता येतं. अपवाद दोनच. करारात तसं मनाई करणारं कलम हवं, किंवा लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झालेली हवीत. हार्दिक पांड्या नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे आला, रोहित शर्माचं कर्णधारपद गेलं आणि पुढच्या मोसमात वानखेडेवर लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली, ते आठवत असेलच. तसं इकडे दर हिवाळ्यात घडतं. फक्त हुर्यो उडवायला एप्रिलपर्यंत थांबावं लागतं.

आता मूकी बेट्स. 2011 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, पाचव्या फेरीत निवडलेला हा बुटकेला, चपळ मुलगा बॉस्टननंच घडवला. 2018 मध्ये .346 सरासरी, बत्तीस होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, तीस चोरलेले बेस, लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि संघ विश्वविजेता. तो फ्री एजंट व्हायला एक वर्ष उरलं होतं. त्याची अपेक्षा मोठी होती आणि संघाचा देकार त्याला पटत नव्हता, हे मान्य. पण तेवढ्यावर गोष्ट थांबत नाही. इकडे लग्झरी टॅक्स नावाची भानगड आहे. संघाच्या पगाराची एक मर्यादा असते, 2020 साली ती 20 कोटी 80 लाख डॉलर होती. ती ओलांडली की दंड, लागोपाठ ओलांडत गेलात तर चढता दंड, आणि एक वर्ष जरी खाली आलात तर पाटी कोरी. बॉस्टननं 2018 आणि 2019 मध्ये मर्यादा ओलांडलेली होती. मालकांना पाटी कोरी हवी होती.

म्हणून फेब्रुवारी 2020 मध्ये बेट्सला लॉस एंजलिस डॉजर्सकडे पाठवलं. त्याच्याबरोबर डेव्हिड प्राइस हा पिचर, म्हणजे इकडचा गोलंदाजही गेला, कारण त्याच्या करारातले 9 कोटी 60 लाख डॉलर शिल्लक होते आणि त्यातला निम्मा भार तरी डॉजर्स उचलणार होते. म्हणजे देशातला पहिल्या दोन-तीनांतला खेळाडू विकताना आम्ही त्याच्या गळ्यात एक बिलही बांधलं. सौद्याची पहिली मांडणी तर फिसकटली होती. तीन संघांमधल्या त्या व्यवहारात एका तरुण पिचरच्या वैद्यकीय तपासणीवरून बॉस्टननं हात आखडला. ते चार-पाच दिवस आम्ही वेड्यासारखी आशा धरून बसलो होतो. मग मांडणी बदलून सौदा झालाच.

बदल्यात काय आलं? ॲलेक्स वर्डुगो, कॉनर वाँग आणि जीटर डाउन्स. यांतला डाउन्स बॉस्टनसाठी चौदा सामने खेळला आणि गेला. त्याचं नाव यँकीजच्या, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांच्या, डेरेक जीटरवरून ठेवलेलं! नियतीला विनोदबुद्धी असते, पण इतकी ढोबळ? वर्डुगोला पुढे आम्ही यँकीजनाच देऊन टाकलं. आणि बेट्सनं त्याच जुलैत, डॉजर्ससाठी एकही अधिकृत सामना खेळण्याआधी, बारा वर्षांचा 36 कोटी 50 लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर डॉजर्सनी 2020, 2024 आणि 2025 अशी तीन विजेतेपदं जिंकली. कोविडमुळे आखडलेल्या 2020 च्या मोसमात बॉस्टन साठपैकी चोवीस सामने जिंकून गटात तळाला.

बॉस्टनमध्ये या गोष्टीची जखम जुनी आहे. 1920 च्या जानेवारीत याच संघानं बेब रूथला एक लाख डॉलरना यँकीजकडे विकल्याचं जाहीर झालं होतं आणि त्यानंतरचं पहिलं विजेतेपद यायला 2004 उजाडलं. त्या सौद्याला शंभर वर्षं होतात न होतात तोच बेट्सला विकलं. निदान शताब्दीचं वर्ष तरी सोडायचं.

मला मात्र आज वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. एखादा वाईट सौदा सगळेच करतात. आमच्या संघाच्या प्रत्येक सौद्यामागे कारण असतं, आणि एकेकटं ऐकलं तर ते बऱ्याचदा मलाही पटतं. अडचण अशी की एका हिवाळ्याचं कारण पुढच्या हिवाळ्यापर्यंत टिकत नाही. बेट्सच्या वेळी काटकसर हवी होती म्हणून ती कला अवगत असलेल्या टॅम्पा बेच्या संघातून हायम ब्लूमना संघबांधणीचा कारभार पाहायला आणलं. चार वर्षांनी काटकसर फार झाली म्हणून त्यांना काढलं आणि क्रेग ब्रेस्लोंना आणलं. दोघेही येल विद्यापीठाचे पदवीधर, तेव्हा बुद्धीची टंचाई होती असं कुणी म्हणू नये. डोकी बदलली, धोरण बदललं, आणि मधल्या मधे खेळाडू येत-जात राहिले.

डिसेंबर 2022 घ्या. झँडर बोगार्ट्स, दहा वर्षं बॉस्टनचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, दोन विजेतेपदं, ड्रेसिंग रूममधला सगळ्यांचा थोरला भाऊ. सॅन डिएगोनं त्याला अकरा वर्षांसाठी 28 कोटी डॉलर दिले आणि तो गेला. इतकी रक्कम बॉस्टननं द्यायला हवी होती असं मीही म्हणणार नाही. पण पाणी इथवर येण्याआधी, तो स्वस्तात राहायला तयार असताना, नीट बोलायला हवं होतं. त्यानंतर 2 जानेवारी 2023 ला फेनवे पार्कवर आइस हॉकीचा सामना भरवला होता, बॉस्टन ब्रुइन्स विरुद्ध पिट्सबर्ग पेंग्विन्स. पेंग्विन्सही रेड सॉक्सच्याच मालकांचे. मालक जॉन हेन्री दिसले आणि हॉकी बघायला आलेल्या लोकांनी त्यांची बेसबॉलसाठी हुर्यो उडवली. त्याच आठवड्यात बातमी आली: थर्ड बेसमन रफाएल डेव्हर्सला दहा वर्षांचा 31 कोटी 35 लाख डॉलरचा करार. आम्ही खूश! वाटलं, ओरडल्याचा उपयोग होतो. याच मालकांच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबनं 2025 मध्ये एका स्ट्रायकरसाठी साडेबारा कोटी पौंड मोजले. लिव्हरपूलचा पैसा लिव्हरपूल कमावतो, हे मला कळतं. तरी आकडा ऐकून पोटात दुखायचं ते दुखतंच.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये संघाचे अध्यक्ष टॉम वर्नर म्हणाले, या हिवाळ्यात ‘फुल थ्रॉटल’. पूर्ण वेगानं. मग काय झालं? लुकस जिओलिटो हा पिचर घेतला. मोसम सुरू होण्याआधीच त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. यात कुणाचा दोष नाही, पिचरची कोपरं असतातच तशी. पण ख्रिस सेलचं काय? वर्षानुवर्षं दुखापतींनी बेजार झालेल्या या उंच, काटकुळ्या डावखुऱ्याला बॉस्टननं अटलांटाकडे दिलं, वर त्याच्या पगाराचे 1 कोटी 70 लाख डॉलरही दिले. तिथे त्याच वर्षी त्यानं अठरा विजय मिळवले, 225 फलंदाज स्ट्राइक आउट केले आणि आपल्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. पैसे आमचे, पुरस्कार अटलांटाचा. ‘फुल थ्रॉटल’ हे दोन शब्द आजही बॉस्टनमध्ये कुणी उच्चारले की समोरचा हसतो.

आता येऊ थर्ड बेसवर. फेब्रुवारी 2025 मध्ये संघानं ॲलेक्स ब्रेगमनला घेतलं. तीन वर्षं, 12 कोटी डॉलर, आणि दरवर्षी करार सोडून जायची मुभा. ब्रेगमन उत्तम थर्ड बेसमन, आदल्याच वर्षीचा गोल्ड ग्लव्ह या क्षेत्ररक्षणाच्या पुरस्काराचा विजेता. डेव्हर्सचं क्षेत्ररक्षण तसं भरवशाचं नव्हतं, सोपे चेंडू हातून सुटायचे. तेव्हा ब्रेगमनला तिथे उभं करणं क्रिकेटच्या, आपलं, बेसबॉलच्या हिशेबानं बरोबरच. पण डेव्हर्सला हे ज्या रीतीनं कळलं, ती रीत चुकली. दहा वर्षांचा करार करून ज्याला घरचा म्हटलं, त्याला आल्या पाहुण्यासाठी खोली रिकामी करून ओसरीवर झोपायला सांगावं तसं झालं. तो म्हणाला, थर्ड बेस माझा आहे. शेवटी चरफडत फक्त फलंदाजी करायला तयार झाला. मे महिन्यात फर्स्ट बेसमन ट्रिस्टन कसासचा गुडघा गेला, तेव्हा डेव्हर्सला सांगितलं, आता तिकडे खेळ. त्यानं साफ नकार दिला, तोही पत्रकारांसमोर. मालक त्याला भेटायला विमानानं कॅन्सस सिटीला गेले.

डेव्हर्सचंही चुकलंच. इतका पगार घेणाऱ्यानं संघाची अडचण पाहून हातमोजा बदलायला हवा होता. पण 15 जून 2025 ला जे झालं ते मला आजही उमगलेलं नाही. त्या दुपारी फेनवेवर बॉस्टननं यँकीजना तिसऱ्यांदा हरवून मालिका खिशात घातली, डेव्हर्सनं होमरन मारला, आणि संध्याकाळी त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवल्याची बातमी आली. बदल्यात चार खेळाडू. त्यातल्या एका होतकरू पोराला तर दीड महिन्यातच पुढे डॉजर्सकडे ढकललं. जायंट्सनी डेव्हर्सच्या करारातले उरलेले पंचवीस कोटींहून अधिक डॉलर आपल्या अंगावर घेतले. आणि तिकडे जाऊन डेव्हर्स काय खेळला? फर्स्ट बेस. अगदी बिनतक्रार.

ब्रेगमनसाठी इतकं रामायण घडलं, निदान तो तरी राहील? मोसम संपताच त्यानं कराराची मुभा वापरली आणि या जानेवारीत शिकागो कब्जबरोबर पाच वर्षांचा साडेसतरा कोटी डॉलरचा करार केला. शिकागोनं त्याला, दुसरीकडे पाठवणार नाही, असं कलम लिहून दिलं. बॉस्टनच्या देकारात ते नव्हतं, असं वृत्तपत्रांत आलं. मी ब्रेगमन असते तर मीही ते कलम मागितलं असतं. डेव्हर्सचं काय झालं ते त्यानं शेजारच्या लॉकरमधून पाहिलं होतं.

एवढं सांगूनही संघावर अन्याय करायचा नाही. गॅरेट क्रोशेला डिसेंबर 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडून चार तरुण खेळाडूंच्या बदल्यात आणलं, लगेच लांबचा करार केला, आणि त्यानं पहिल्याच मोसमात 255 स्ट्राइक आउट केले. असा सौदा करणारी माणसं मूर्ख नसतात. रोमन अँथनी या एकवीस वर्षांच्या पोराला आठ वर्षांसाठी बांधून घेतलं, तेही उत्तम. या हिवाळ्यात रेंजर सुआरेझला पाच वर्षांसाठी घेतलं. सॉनी ग्रे आणि विल्सन काँट्रेरास हे दोघे सेंट लुइसकडून आले, आणि सेंट लुइसचा कारभार आता कोण पाहतं? आम्ही काढून टाकलेले हायम ब्लूम! म्हणजे पिचिंग भक्कम झालं. फलंदाजी मात्र डेव्हर्स आणि ब्रेगमन या दोघांवाचून उभी करायची आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये यँकीजनी आम्हाला बाहेर काढलं त्या सामन्यात आमची एकही धाव झाली नव्हती. समोरचा नवखा पिचर कॅम श्लिटलर तर इथल्याच, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोल गावचा.

आमच्याकडच्या मराठी घरांत मुलं बेसबॉलवर वाढतात. आईबापांना क्रिकेट, मुलांना रेड सॉक्स, आजी-आजोबा सुट्टीत आले की त्यांना दोन्ही. वाढदिवसाला जर्सी मागितली जाते आणि मग प्रश्न पडतो, कुणाची? 50 क्रमांक बेट्सचा, गेला. 11 डेव्हर्सचा, गेला. 2 क्रमांकाची जर्सी मात्र किफायतशीर ठरली, आधी बोगार्ट्सचा आणि नंतर ब्रेगमनचाही तोच क्रमांक. शिवाय रेड सॉक्सच्या घरच्या पांढऱ्या जर्सीवर पाठीला नाव नसतंच, नुसता आकडा असतो. ही परंपरा फार जुनी आहे. एकंदर कारभार पाहता फार दूरदृष्टीचीही आहे. आमच्या ओळखीतल्या एका आठ वर्षांच्या मुलीनं यंदा सरळ संघाचा शुभंकर असलेल्या वॉली या हिरव्या राक्षसाची जर्सी मागितली आहे. त्याला कुणी विकणार नाही म्हणे.

थोड्याच दिवसांत फेनवे पार्कवरून सामानाचा ट्रक फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला, सरावाच्या मैदानाकडे निघेल. बॅटी, चेंडू, हेल्मेटं भरलेल्या त्या ट्रकला निरोप द्यायला थंडीत माणसं जमतात, हात हलवतात, फोटो काढतात. मीही जाणार आहे. तोपर्यंत संघाला थर्ड बेसमन मिळालेला असावा एवढंच मागणं आहे. त्यासाठी कुणाला विकणार, याच्या चर्चा सुरू आहेतच आणि त्यात आउटफिल्डर जॅरन डुरानचं नाव वरचेवर येतंय. हे भाषण ध्वनिमुद्रित होत असताना तो बॉस्टनचा खेळाडू आहे. तुम्ही ऐकाल तेव्हा असेल की नाही, ते तुम्हीच बघून घ्या.

नमस्कार.