लेटन्सी कुठून कुठपर्यंत मोजायची?

[दृश्य: संध्याकाळची वेळ, दाट वस्तीतल्या इमारतींमधून ओढलेल्या फायबरच्या तारा.]

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. ग्राहकाला किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग देऊ शकणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, असे आता ठरले आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात हाच आकडा २५६ केबीपीएस होता आणि २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस करण्यात आला. आकडा वाढत गेला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ही जोडणी संवादी सेवा पेलण्याइतकी सक्षम असावी, अशी अपेक्षाही २००४ पासून या व्याख्येतच आहे आणि ती मोजण्यासाठी व्याख्येत एकही आकडा दिलेला नाही.

व्हिडिओ कॉल, ऑनलाइन तोंडी परीक्षा किंवा ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेवर डॉक्टरांशी होणारे बोलणे या सगळ्या संवादी सेवा आहेत. त्या नीट चालतात की नाही, हे केवळ वेगावर अवलंबून नसते. इंटरनेटवर मजकूर छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपल्याकडून निघालेले पॅकेट पलीकडे पोहोचून त्याचे उत्तर परत येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला लेटन्सी म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर संभाषणात सहसा अडथळा जाणवत नाही. त्यापुढे विलंब वाढत गेला की दोन माणसे एकाच वेळी बोलू लागतात, थांबतात आणि पुन्हा एकदमच सुरुवात करतात.

[दृश्य: नकाशावर मुंबईहून पूर्व विदर्भाकडे सरकणारी रेषा.]

यातला काही विलंब कोणत्याही सरकारला किंवा कंपनीला टाळता येण्यासारखा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून गडचिरोलीपर्यंतचा फायबर वळणे घेत १,००० किलोमीटर भरला असे धरले, तरी पॅकेटला जाऊन परत यायला १० मिलिसेकंद पुरतात. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४,००० किलोमीटर धरले, तर ४० मिलिसेकंद लागतात. भूस्थिर उपग्रहाचे गणित मात्र वेगळे आहे. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे प्रश्न वर जाऊन खाली येणे आणि उत्तरानेही तोच प्रवास करणे यातच अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ संपतो. अंतराने लागणारा वेळ वजा केल्यावर उरतो तो विलंब माणसांनी उभारलेल्या यंत्रणेतला असतो. नियमन करायचे ते त्याचेच.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. सेवेच्या गुणवत्तेची मानके ठरवणे आणि ती पाळली जातात की नाही याची वेळोवेळी पाहणी करणे, हे काम त्याच कायद्याने त्याच्याकडे सोपवले आहे. ब्रॉडबँडसाठी ट्रायने २००६ मध्ये स्वतंत्र विनियम काढले. त्यांत लेटन्सीच्या तीन मर्यादा होत्या. परदेशी वाहतूक जिथून देशाबाहेर पडते त्या आंतरराष्ट्रीय गेटवेपर्यंत किंवा निक्सी या देशांतर्गत एक्स्चेंजपर्यंत १२० मिलिसेकंदांच्या आत, परदेशातल्या जवळच्या जोडबिंदूपर्यंत तारेने ३५० च्या आत आणि उपग्रहामार्गे ८०० च्या आत. पॅकेट गळण्याचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी असावे, असेही त्यात म्हटले होते.

निक्सीचा उल्लेख इथे उगाच आलेला नाही. २००३ मध्ये ही संस्था उभी राहण्याचे कारणच लेटन्सीशी जोडलेले होते. भारतातल्या दोन कंपन्यांचे ग्राहक एकमेकांना मजकूर पाठवत, तेव्हा त्या कंपन्यांचा देशात थेट दुवा नसल्यामुळे ती पॅकेट अनेकदा परदेशात जाऊन परत येत. पैसा बाहेर जाई आणि वेळही वाया जाई. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथल्या पहिल्या केंद्रांनी देशातली वाहतूक देशातच वळवण्याची सोय केली. नियम आणि पायाभूत सोय हातात हात घालून चालल्याचे हे एक उत्तम उदाहरण आहे.

[दृश्य: मुंबईचा समुद्रकिनारा, वाळूखालून आत येणाऱ्या केबलचे रेखाचित्र.]

परदेशापर्यंतची ३५० मिलिसेकंदांची मर्यादा पाळणे समुद्राखालच्या केबलवर अवलंबून होते आणि त्या केबल भारतात मुख्यतः मुंबई आणि चेन्नई इथे किनाऱ्याला लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या, तेव्हा पश्चिमेकडे जाणारी वाहतूक लांबच्या मार्गांनी वळवावी लागली आणि विलंब वाढला. हा दोष आपल्या गल्लीतल्या सेवादाराचा नव्हता, हे ग्राहकाने समजून घेतले पाहिजे. पण पर्यायी मार्गांवर आधीपासून किती क्षमता घेऊन ठेवली होती, हा प्रश्न त्या सेवादाराला विचारता येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. २००६ च्या विनियमांत लेटन्सी कुठून मोजायची, तर कंपनीच्या पीओपीपासून किंवा गेटवे नोडपासून. पीओपी म्हणजे कंपनीचे स्थानिक केंद्र, जिथे परिसरातल्या ग्राहकांच्या तारा एकत्र येतात. ग्राहकाच्या घरापासून त्या केंद्रापर्यंतचा टप्पा या मोजणीच्या बाहेर राहिला. त्या काळी याला कारण होते. घरातले जुने संगणक आणि टेलिफोनच्या तांब्याच्या जुन्या तारा यांचा दोष कंपनीवर कसा टाकायचा, हा प्रश्न खराच होता. पण विलंब सर्वाधिक साचतो तो नेमका या वगळलेल्या टप्प्यात.

[दृश्य: भिंतीवरचा राउटर. शेजारी मोबाइलवर फोटोंचा बॅकअप सुरू, दुसऱ्या खोलीत मुलीचा ऑनलाइन वर्ग.]

तो कसा साचतो, हे एका हिशेबाने पाहू. एका घरी अपलोडचा वेग ८ एमबीपीएस आहे. मोबाइलने शंभर फोटो क्लाउडवर पाठवायला सुरुवात केली. राउटर ही पॅकेट आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या जागेत, रांगेत उभी करतो आणि जमेल तशी पुढे सोडतो. बफरमध्ये १ मेगाबाइट मजकूर साठला, म्हणजे ८ मेगाबिट झाले. सेकंदाला ८ मेगाबिट बाहेर पडत असतील, तर रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या पॅकेटला पूर्ण एक सेकंद थांबावे लागते. ते पॅकेट वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीच्या आवाजाचे असेल, तर खंबाटकी घाटात मालट्रकांच्या रांगेमागे अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखी त्याची गत होते. जाहिरातीतला वेग घरात पूर्ण मिळत असतानाही शिक्षक म्हणतात, “तुझा आवाज तुटतोय.”

या दोषाला तंत्रज्ञ बफरब्लोट म्हणतात आणि त्यावर उपाय उपलब्ध आहे. रांग किती लांब झाली यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहिले हे पाहून वेळीच आवर घालणारी कोडेल ही पद्धत २०१२ मध्ये मांडली गेली. तिला जोडून प्रत्येक प्रवाहासाठी स्वतंत्र रांग ठेवणारी सुधारित पद्धत आली आणि २०१८ मध्ये दोन्हींचे अधिकृत तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध झाले. त्यासाठी रस्ते खणावे लागत नाहीत. राउटरमधले सॉफ्टवेअर ती पद्धत वापरणारे असावे लागते. आपल्याकडे अनेक ठिकाणी राउटर कंपनीच देते, तेव्हा हा निर्णयही बऱ्याच अंशी कंपनीच्याच हातात असतो.

मोजणीतली दुसरी अडचण सरासरीची आहे. शंभर वेळा पिंग, म्हणजे लेटन्सी मोजण्यासाठीचे चाचणी पॅकेट, पाठवले. नव्वद वेळा उत्तर २० मिलिसेकंदांत आले आणि दहा वेळा ५०० मिलिसेकंद लागले. सरासरी निघते ६८. २००६ ची १२० ची मर्यादा ही जोडणी आरामात पाळते. तरीही दर दहा पॅकेटांमागे एक पॅकेट अर्धा सेकंद उशिरा येत असेल, तर त्या जोडणीवरून नीट बोलता येणार नाही.

अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने ग्रामीण ब्रॉडबँडसाठी सरकारी निधी घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना जी अट घातली, ती इथे अभ्यासण्यासारखी आहे. गर्दीच्या वेळेतल्या मोजण्यांपैकी किमान ९५ टक्के मोजण्या १०० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी भरल्या पाहिजेत. संध्याकाळी सहा ते मध्यरात्र ही वेळ गर्दीची धरतात आणि मोजणी ग्राहकाच्या जागेपासून सुरू होते. आपण वर घेतलेले उदाहरण या अटीत नापास होते. जर्मनीने २०२२ मध्ये प्रत्येक नागरिकाला मिळायलाच हव्या अशा किमान इंटरनेट सेवेचे आकडे ठरवले, तेव्हा १० एमबीपीएस डाउनलोड आणि १.७ एमबीपीएस अपलोडच्या बरोबरीने १५० मिलिसेकंदांची लेटन्सीही त्यात लिहिली. मर्यादा ढिली आहे, पण लेटन्सी तिथे हक्काचा भाग झाली.

[दृश्य: कार्यालयातील टेबलावर छापील विनियमांची पाने.]

भारतातही पाऊल पुढे पडले आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने तारेवरच्या आणि बिनतारी अशा दोन्ही सेवांसाठी एकत्रित विनियम जाहीर केले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू होऊ लागले. २००६ चे ब्रॉडबँडचे, २००९ चे दूरध्वनी सेवांचे आणि २०१२ चे मोबाइल डेटाचे, असे तीन जुने विनियम त्यांनी मागे टाकले. २०१२ मध्ये मोबाइल डेटासाठी लेटन्सीची मर्यादा २५० मिलिसेकंद होती. ४जी आणि ५जीसाठी ती आता त्याहून बरीच कमी केली आहे. पॅकेट येण्याच्या वेळेतला चढउतार, म्हणजे जिटर, हा नवा निकषही आला. मानक न पाळल्याबद्दलची आर्थिक आकारणी ५०,००० रुपयांवरून १ लाखापर्यंत नेली गेली आणि चुकीच्या स्वरूपानुसार ती २ लाख, ५ लाख व १० लाखांपर्यंत जाऊ शकते. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर ग्राहकाला भाड्यात सूट किंवा वैधतेत वाढ द्यावी लागते.

हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही मोठ्या दूरसंचार कंपनीच्या उलाढालीपुढे १० लाख रुपये फार थोडे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ग्राहकाला मिळणारी भरपाई सेवा पूर्ण बंद पडल्यावर लागू होते. जोडणी चालू आहे, पण रोज रात्री आठ ते अकरा बोलण्याच्या उपयोगाची राहत नाही, अशा घराला त्यातून काही मिळत नाही. अशा ग्राहकाने आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे आणि नंतर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे, अशी २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांची रचना आहे. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारीवर निकाल देत नाही. आणि अपील प्राधिकाऱ्याकडे गेल्यावर “आमच्याकडे सगळे व्यवस्थित दिसते आहे” असे उत्तर मिळाले, तर ग्राहकाच्या हाती पुरावा कोणता?

जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून याला एक वाट आहे. नियामकाच्या स्वतःच्या साधनाने, ठरवून दिलेल्या पद्धतीने, वेगवेगळ्या तीन दिवशी मिळून ३० वेळा मोजणी केली आणि वेग करारापेक्षा सातत्याने बराच कमी निघाला, तर ग्राहकाला बिल कमी करून मागता येते. तिथे ही तरतूद वेगापुरती आहे. भारतात ट्रायचे मायस्पीड ॲप २०१६ पासून आहे, म्हणजे ग्राहकाच्या हातात देण्याचे साधन शून्यातून बनवावे लागणार नाही. त्यात जोडणीवर अपलोड आणि डाउनलोडचा पूर्ण भार टाकून त्याच वेळी लेटन्सी मोजण्याची सोय हवी, निकाल सरासरीत न देता शंभरपैकी किती मोजण्या मर्यादेत बसल्या या रूपात हवा, आणि केबलने जोडलेल्या संगणकावरून गर्दीच्या वेळी घेतलेली अशी मोजणी अपील प्राधिकाऱ्यावर बंधनकारक पुरावा ठरेल, एवढे एक कलम पुढच्या दुरुस्तीत यायला हवे. ट्राय प्रत्येक विनियमाच्या मसुद्यावर जनतेच्या हरकती व सूचना मागवते आणि त्या आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्धही करते. २००६ च्या विनियमांनी मोजणी पीओपीपाशी थांबवली होती. ती घराच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याची मागणी त्या सूचनांमध्ये ग्राहकांच्या बाजूने लेखी नोंदवली गेली पाहिजे.