कलेजीतला निरोप

नमस्कार मंडळी. समोर शेळीपालक बसलेत, खाटीक भाऊ आहेत, पशुवैद्यकीयची पोरं आहेत, मागे सावजी भोजनालय चालवणारे दोघं-तिघं दिसतायत. तुम्ही सगळे एका छताखाली बसलेले मी आज पहिल्यांदा बघतोय, आणि मला बोलायचंय तेही याबद्दलच.

बोकड एकच, पण तो चार हातांतून जातो आणि एका हाताची खबर दुसऱ्याला नसते. पवनीकडच्या बाईने बोकड विकला, तिच्यापुरता तो संपला. व्यापाऱ्याने उक्ता, म्हणजे न तोलता घेतला, टेम्पोत भरला, नागपुरात उतरवला. त्याचाही विषय संपला.

एका मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, ओळखीच्या खाटकाचा सकाळीच फोन आला. "डॉक्टरसाहेब, मटण काळं दिसून राह्यलं, गिऱ्हाईक वापस करून राह्यले." जाऊन पाहिलं. मांस गडद, बोटाला चिकटणारं. सामू (pH) मोजला तर 6.4. बोकड आजारी नव्हता. रात्रभर दाटीवाटीने उभा, पाण्याचा थेंब नाही, आणि उतरवल्याबरोबर कापलेला. निवांत जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते. कापल्यावर तिचं लॅक्टिक आम्ल होतं आणि सामू 7 वरून 5.6 च्या आसपास उतरतो. तो आंबटपणाच जिवाणूंची वाढ रोखून धरतो. भ्यालेलं, दमलेलं जनावर ती साखर वाटेतच जाळून बसतं. मग सुरी कितीही स्वच्छ असो, मांस टिकत नाही. त्या दिवशी बोल खाटकाला लागला, तोटाही त्याचाच. चूक रात्रीच्या टेम्पोत झाली होती, आणि टेम्पोवाल्याला ती कुणी सांगितलीच नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: उतरवलेल्या बोकडाला रात्रभर सावली, विसावा आणि पाणी द्या. चारा थांबवा, पाणी नाही. यात वजन घटतं, आणि ती घट कुणाच्या माथी यावरच गाडी अडते, हे मी जाणतो. नजरेच्या अंदाजाने सौदा होतो तोवर ती अडणारच. काट्यावर तोला, घट किती धरायची ते आधी बोलून घ्या.

आता कलेजीकडे येतो, कारण खरी चिठ्ठी तिथे असते. कत्तलखान्यासाठी 2001 चे नियम आहेत: कापण्याआधी एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एकाच्या वाट्याला पाच मिनिटं. पण ते बाहेरून. त्या बोकडाला कुणी आतून बघण्याची एकच वेळ, कापल्यानंतरची. पित्तनलिका जाड, कडक झालेल्या, दाबल्या की पानासारखे चपटे कृमी बाहेर येतात. कलेजी बाद होते, फेकली जाते, आणि खबरही तिच्यासोबतच जाते. खरं तर त्या कृमीचा पत्ता आपल्याला पाठ आहे: भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, काठच्या गोगलगायी, पाणी ओसरल्यावर कडेला उगवलेलं कोवळं गवत. बकऱ्या तेच चरतात. पवनीच्या त्या बाईला एवढं कळलं असतं तर काठावरची चराई तिने टाळली असती, डॉक्टरला विचारून जंताचं औषध दिलं असतं. उरलेल्या आठ बकऱ्या सुधारल्या असत्या. तिला कुणी कळवलंच नाही. ती दरवर्षी "बकऱ्या वाळून राह्यल्या" म्हणते आणि पेंडीची ढेप वाढवते.

अँटिबायोटिकचंही असंच. बाटलीवर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय जनावर विकू नका, आणि कधी टोचलं ते घेणाऱ्याला सांगा.

भोजनालयवाल्यांना एकच विनंती. ताजं, गरम मटण तडक फ्रीजरमध्ये कोंबू नका. ताठरपणा येण्याआधी ते फार थंड झालं तर आखडतं, मग कितीही शिजवा, वातड लागतं. पण म्हणून दुपारभर ओट्यावरही ठेवू नका. टप्प्याटप्प्याने गार करा, 24 तासांत आतपर्यंत 7 अंशांच्या खाली आणा.

मी एक कार्ड छापून आणलंय, पोस्टकार्डाएवढं. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर, गाव, मालकाचा फोन, शेवटचं औषध आणि तारीख, गाडीत चढवल्याची आणि उतरवल्याची वेळ. खाली दोन रिकाम्या ओळी आहेत, कलेजी आणि फुफ्फुस तपासणाऱ्यासाठी. त्या भरल्या की खाटकाने फोटो काढून मालकाला पाठवायचा. दोनशे कार्डं दाराजवळच्या टेबलावर ठेवलीत. पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मटणाची मागणी चढेल, त्याआधी प्रत्येकाने दहा-दहा भरून बघा.