पाकीट देताना फोटो कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट 2019. कृष्णा-पंचगंगेचा पूर ओसरला होता. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही धान्याची पाकिटं वाटत होतो. एका आजींच्या हातात पाकीट ठेवलं, पण आमच्यापैकी कुणी ते सोडेना. चौघांचे हात त्यावर, मागं संस्थेचा फलक, समोर मोबाईल. "आजी, इकडं बघा!" आजींनी पदर तोंडावर ओढला. त्या चौघांत मीही होतो. ते आजही सलतं.

पुढं आम्ही काही लहान संस्थांनी मिळून आचारसंहिता करायला घेतली. आधार हाताशी होता. 1994 साली रेडक्रॉस-रेडक्रेसेंट चळवळ आणि ऑक्सफॅम, कॅरिटास, सेव्ह द चिल्ड्रन अशा संस्थांनी आपत्तीतल्या मदतीसाठी दहा कलमं ठरवली. सक्ती कुणावर नाही, संस्थेनं आपणहून सही करायची. मदत गरज पाहून द्यायची, जातधर्म पाहून नाही. हिशेब देणगीदाराला द्यायचा, तसा मदत घेणाऱ्यालाही. आणि दहावं कलम असं, की प्रसिद्धी करताना आपत्तीग्रस्त माणूस सन्मानानं दिसावा, केविलवाणा नव्हे.

मराठी मसुदा सगळ्या संस्थांना पाठवला. नऊ कलमांवर कुणी चकार शब्द काढला नाही. दहाव्यावर मात्र दोन बैठका गेल्या. "फोटो नसेल तर देणगीदार विश्वास कसा ठेवणार?" प्रश्न रास्तच होता, लहान संस्थेचं सगळं त्या विश्वासावर चालतं. शेवटी ठरलं, की साठा नोंदवही आणि पावत्या दाखवायच्या, टेम्पोतून उतरणाऱ्या मालाचा फोटो काढायचा. माणसाचा फोटो त्याला विचारूनच, आणि पाकीट हातात देताना तर नाहीच. माझ्या मते आचारसंहिता खरी स्वीकारली गेली ती या भांडणात.

नुसती अध्यक्षांची सही आम्ही घेतली नाही. प्रत्येक कार्यकारिणीत कलमं वाचायची, सूचक-अनुमोदकासह ठराव इतिवृत्तात लिहायचा, आणि टेम्पोवर जाणाऱ्या पोरांनाही ती वाचून दाखवायची. तक्रारीचा नंबर टेम्पोवरच रंगवला. तक्रार ऐकायची ती दुसऱ्या संस्थेच्या माणसांनी.

जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्या नंबरावर पहिला फोन एका बाईंचा आला. त्यांच्या विधवा जावेचं नाव यादीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी यादी चावडीवर मोठ्यानं वाचली. सुटलेली आणखी तीन नावं निघाली.