खरखर ऐकू येते का?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा, म्हणजे टेलिफोनच्या लाइनवरून नंबर फिरवून मिळणारं इंटरनेट, ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली. बातमी वाचून मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. म्हणजे ती तोवर चालू होती! आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि पुढची कितीतरी वर्षं मी ठाण्यात, खाडीपलीकडे वाशी-नेरूळला, स्कूटरवरून एकाच तक्रारीमागे फिरलो: "अहो, कनेक्टच होत नाही."

माझ्या पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, टेलिफोनच्या दोन जादा वायरी आणि एक साधा, जुना फोन असायचा. लोकांना वाटायचं, हा आता कॉम्प्युटर उघडणार. मी मोडेमची, म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राची, वायर काढून तिथे माझा फोन लावायचो आणि रिसीव्हर कानाला धरून गप्प उभा राहायचो. घरातली मंडळी एकमेकांकडे बघायची. ह्याला बोलावलं कशाला, फोन करायला?

युक्ती साधी होती. रिसीव्हर उचलल्यावर डायल टोन येतो. एखादा आकडा दाबला की तो थांबतो आणि मागे उरते नुसती लाइन. ती शांत हवी. कढईत मोहरी तडतडावी तसं काही ऐकू आलं तर कुठेतरी जोड ओला किंवा गंजलेला. सलग "घूं" असा आवाज आला, तर टेलिफोनची वायर विजेच्या वायरीबरोबर एकाच केसिंग-पट्टीतून नेलेली. बोलताना आपण ही खरखर सहज खपवून घेतो, मोडेमला ती सोसत नाही. तो वेग कमी करतो, आणखी कमी करतो, शेवटी लाइन सोडून देतो.

पावसाळ्यात तर विचारूच नका. नौपाड्यात एका तळमजल्यावरच्या घरी दर जूनमध्ये हेच व्हायचं. मोडेम बदलला, विंडोज पुन्हा टाकली, पोराला बोलणी बसली. दोष निघाला जिन्याखालच्या डीपीत, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडतात त्या डब्यात. झाकण गायब, आत ओल, तांब्याच्या तारांवर हिरवा गंज. लाइनमनने तारा तासून नव्याने पिळल्या, वर टेप गुंडाळला, आणि संध्याकाळी मेल आली. तारांना मीही कधीकधी हात घालायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही. शांत असताना त्या जोडीवर ४८ व्होल्ट असतात, त्याचं काही वाटत नाही. पण हात ओले असताना नेमकी घंटी आली तर व्होल्टेज बरंच वर जातं. एकदा मी असा काही उडालो, की घरच्या आजींनी आधी मला साखरपाणी दिलं आणि मग फोन उचलला.

दुसरा कान मोडेमच्या आवाजाला. तो कल्ला तुम्हाला आठवत असेल. डायल टोन, आकड्यांची टुकटुक, पलीकडे रिंग. मग एक लांब शिट्टी, २१०० हर्ट्झची. टेलिफोनच्या जाळ्यात आपलाच प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा असते, तिला ती शिट्टी सांगते, "बाई, थोडा वेळ बाजूला हो." त्यानंतरची फरफर म्हणजे दोन्ही मोडेम लाइन तपासून किती वेग झेपेल ते ठरवतात. ठरलं की स्पीकर बंद. आता, हे सगळं कुठे अडतं ते ऐकायचं. टोनच नाही, आणि पडद्यावर ६८० ही चूक? मोडेमच्या पाठीला भोकं दोन, लाइन आणि फोन, आणि वायर हमखास चुकीच्या भोकात. शिट्टीपर्यंत जाऊन फरफरीत पुन्हापुन्हा अडकलं, तर लाइन खराब. सगळं नीट होऊन ६९१ आलं, तर पासवर्ड चुकलाय, कॅप्स लॉक बघा.

वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांची गोष्ट निराळी. तिथे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज असायचं, बाहेरची लाइन शून्य फिरवून मिळायची आणि मोडेम टोनची वाट न बघता धडाधड आकडे मारायचा. शून्यानंतर एक स्वल्पविराम टाकला की तो दोन सेकंद थांबतो. एवढंच! ऑफिसच्या एक्स्चेंजचा टोन त्याला ओळखता आला नाही, तर एटीएक्स३ ही आज्ञा द्यायची, म्हणजे तो टोनसाठी अडून बसत नाही. तरी साहेबांची कुरकुर असायची, ५६ केचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचा, मोडेम घेतला आणि ३३,६०० च्या वर जात नाही. जाणारच नाही! ५६ के मोडेमच्या १९९८ च्या व्ही.९० पद्धतीत वाटेत डिजिटलचं अॅनालॉग एकदाच झालेलं चालतं, आणि ऑफिसचं एक्स्चेंज त्यात आणखी एक फेरी घालतं. काही जण उलट मिरवायचे, "माझं १,१५,२०० ला लागतं." तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग, लाइनचा नव्हे. मी हसून चहा प्यायचो.

वाशीला एका काकांचं कनेक्शन संध्याकाळी दर दहा मिनिटांनी तुटायचं. लाइन स्वच्छ, मोडेम नवा. कॉल वेटिंगच्या टुकटुकीने तुटत असेल म्हणून मी मोडेमच्या एस१० या सेटिंगचा आकडा १४ वरून ५० केला, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा आवाज हरवला तरी मोडेम पाच सेकंद धीर धरतो. तरी तुटलं. मग उठून स्वयंपाकघरात गेलो, तर काकू तिथल्या पॅरलल फोनचा, म्हणजे त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनचा, रिसीव्हर कानाला लावून उभ्या. मुलगा न्यू जर्सीला. काका इंटरनेटवर त्याच्याशी बोलताहेत असं त्यांनी ऐकलं होतं.

"नुसती फरफर येते हो," म्हणाल्या.

तशीच एक फरफर मी त्या काळी कॅसेटवर घेऊन ठेवली आहे, एका जुलै महिन्यातली. निर्मात्यांनी अर्धं मिनिट दिलंय. शिट्टीनंतर नीट कान द्या, आणि दोष घरात आहे की डीपीत, ते तुम्हीच सांगा. लावा हो.