खोडदच्या दुर्बिणीला काय काय ऐकू येतं

[पहाट. तबकडी सावकाश फिरते आहे.]

जुन्नर तालुका, खोडद. इथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण: आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणारी. तबकडीचा व्यास 45 मीटर, आणि तरी तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. पत्रा नाहीच हा, स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे. वारा निघून जातो. लांब रेडिओलहरी मात्र भिंतीवर आदळाव्या तशा परततात. ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची युक्ती. अशा 30 तबकड्या: 14 इथं जवळजवळ, 16 तीन दिशांना, शिवाराशिवारांतून.

[विजेचा खांब, खाली गाडी.]

हे वेधशाळेचे तंत्रज्ञ. हातात जुन्या टीव्हीच्या छपरावर असायची तसली अँटेना. खांबाकडे वळवली की रिसीव्हर चरचरतो. ऐका.

(चार सेकंद फक्त आवाज)

वर चिनी मातीचा इन्सुलेटर तडकलाय. तिथं उडणाऱ्या ठिणगीतूनही रेडिओलहरी निघतात. ठिणगी आपल्याला दिसतही नाही, तबकडीला ऐकू येते. आता वीज कंपनीला कळवायचं, वायरमन येईल, लाइन बंद करून तो बदलेल. तोवर पुढचा खांब.

[नियंत्रण कक्ष, पडदा.]

आकाशातल्या हायड्रोजन वायूची स्वतःची रेडिओलहर असते, तिची खूण 1420 मेगाहर्ट्झवर. 1400 ते 1427 हा पट्टा जगभर फक्त ऐकण्यासाठी राखीव. तिथं कुणी प्रक्षेपण करायचं नाही. नियम चोख आहे. पण विश्व पसरतंय, त्यामुळे दुरून येणारी लहर वाटेत ताणली जाते आणि राखीव पट्ट्यातून खाली घसरते. याच दुर्बिणीनं टिपलेला एका फार दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत 2023 मध्ये जाहीर झाला. तो इथं पोचला तेव्हा 620 मेगाहर्ट्झच्या आसपास आला होता.

आणि त्याच आसपासचा, 600 मेगाहर्ट्झचा पट्टा सरकारनं 2022 च्या लिलावात मोबाइल कंपन्यांसाठी मांडला होता. एकही बोली लागली नाही. बरं झालं, पण दुर्बिणीचा विचार करून काही कुणी हात आखडता घेतला नव्हता.

परवाने दिल्लीत दूरसंचार विभाग देतो. कुठली लहर कुठं नडते, ते मोजणारी माणसं इथं खांबाखाली उभी आहेत. कोणता पट्टा कुणाला द्यायचा हे ठरतं, त्या टेबलाशी यांची खुर्ची आधीपासून हवी. टॉवर उभा राहिल्यावर बोलावून काय उपयोग?

रेल्वेच्या विजेचाही असाच गोंगाट. म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गही या दुर्बिणीपायी बदलायचं ठरलं, त्यावर तालुक्यात आंदोलनं झाली.

[रात्र. पडद्यावर एक उभी पांढरी रेघ.]

ही रेघ आकाशातली नाही. वहीत नोंद होते: वेळ, वारंवारता, दिशा. सकाळी गाडी त्या बाजूला जाईल.