फट कुठून आली?

टेबलाचा पाय आणि आडवी पट्टी यांचा सांधा बसवला, क्लॅम्प आवळला आणि खांद्यापाशी, म्हणजे पट्टी पायाला टेकते तिथे, अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली. भुसा गोंदात कालवून ती बुजवता येते, पॉलिश झाल्यावर पटकन दिसतही नाही. पण शिकणाऱ्याने ती बुजवली की त्या दिवसाचं शिक्षणही तिथेच बुजलं. म्हणून सुतारकामाच्या प्रशिक्षणाबद्दल बोलताना मी आज या एका फटीचाच माग काढणार आहे. अभ्यासक्रमात काय असावं आणि कुठल्या क्रमाने, हे त्यातून बरंचसं उलगडतं.

सांधा मॉर्टाइज-टेननचा आहे. पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ म्हणजे टेनन. ती पायातल्या चौकोनी भोकात, म्हणजे मॉर्टाइजमध्ये, बसते आणि जिभेभोवतीचा पट्टीचा खांदा पायाला टेकतो. टेननची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरतात, पण नेमका आकडा हाताशी असलेली पटाशी ठरवते. पट्टी 28 मिमी असेल तर 9.3 मिमी आखत बसू नये, 10 मिमीची पटाशी घ्यावी आणि मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं साधन) तिच्याच रुंदीवर लावावा.

आता फट नीट पाहा. चारही बाजूंनी सारखी असेल तर टेनन भोकाच्या तळाला टेकला आहे. भोक टेननपेक्षा सुमारे 2 मिमी जास्त खोल हवं. खोली बरोबर असूनही सारखी फट राहिली तर तळाशी गोंद साठलाय. बंद भोकात गोंदाला बाहेर पडायला वाट नसते, तो दाबला जातो आणि टेननला मागे ढकलतो. गोंद भिंतींना पातळ लावायचा, तळात ओतायचा नाही. फट एकाच बाजूला असेल तर गोंद न लावता सांधा बसवून गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा. पट्टी पायाशी काटकोनात असूनही फट दिसते, तर खांदा तिरका कापलाय. पट्टीच कललेली असेल, तर भोक कोरताना पटाशी उभी धरली नव्हती. समोरून सांधा घट्ट आणि मागून उघडा असेल, तर चूक कापण्याच्याही आधीची, आखणीतली आहे. आणि सांधा बनवला त्या दिवशी घट्ट होता, चार महिन्यांनी फट पडली, तर लाकूड ओलं होतं.

एकाच फटीला अशी निदान पाच-सहा कारणं असू शकतात, आणि प्रत्येक कारण प्रशिक्षणाच्या वेगळ्या टप्प्यातलं असतं. कारण ओळखता येणं हेच मी कौशल्य मानतो. हाताला वेग नंतर येतो.

आखणीपासून सुरुवात करू. तुकड्याची एक सपाट बाजू आणि तिला काटकोनात असलेली एक कड निवडून दोन्हींवर खूण करायची. यापुढे गुण्या आणि मार्किंग गेज फक्त या दोन बाजूंना टेकवायचे. हा नियम मोडला की चारही बाजूंनी फिरवून आणलेली खांद्याची रेघ सुरुवातीच्या बिंदूला मिळत नाही. समोरची घट्ट, मागची उघडी फट यातूनच येते. खांद्याची रेघ पेन्सिलीने नको, चाकूने मारावी. पेन्सिलीच्या रेघेलाच जाडी असते, त्यातल्या कुठल्या कडेवर कापायचं हे ठरत नाही. चाकूची रेघ लाकडाचे तंतू कापते, त्यामुळे करवत चालताना कड उचकटत नाही आणि पटाशीलाही टेकायला जागा मिळते.

गुण्या तपासायला प्रत्येकाने पहिल्याच दिवशी शिकावं. सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही रेघा फाकल्या तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे. खाली पडलेला गुण्या न तपासता वापरला तर पुढचं सगळं काम तिरकं जातं आणि शिकणारा दोष स्वतःच्या हाताला देत बसतो. ते मला फार वाईट वाटतं, कारण नवशिक्याचा आत्मविश्वास अशा ठिकाणीच तुटतो.

करवतीबद्दल थोडक्यात. तंतूंच्या दिशेने चिरायची करवत वेगळी, आडवं कापायची वेगळी. पहिलीचे दात छोट्या पटाश्यांसारखे सरळ घासलेले असतात, दुसरीचे चाकूच्या टोकांसारखे तिरपे. आडवी कापणी चिरण्याच्या करवतीने केली की मागच्या बाजूच्या ढलप्या उडतात. रेघ शिल्लक ठेवून, टाकाऊ बाजूने कापायचं.

धार मात्र मी थोडक्यात आटोपणार नाही, कारण प्रशिक्षणात सर्वांत कमी वेळ तिलाच मिळतो. पटाशीला ग्राइंडरवर 25 अंशांचा उतार द्यायचा आणि दगडावर 30 अंशांची बारीक धार. त्याआधी पाठ सपाट करायची. सगळी नाही, धारेजवळची 25 ते 30 मिमी पुरते. पाठ गोल राहिली तर उतार कितीही घासा, धार येणार नाही, कारण धार म्हणजे दोन सपाट पृष्ठभाग मिळतात ती रेषा. 1000 ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर पात्याच्या पूर्ण रुंदीत मागच्या बाजूला बारीक कड उलटलेली बोटाला जाणवली पाहिजे. ती जाणवायच्या आत बारीक दगडावर जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. मग 4000 किंवा 6000 ग्रिटवर दोन्ही बाजू घासून ती कड काढायची. ग्राइंडरवर पोलाद निळं पडलं तर पाणी उतरलं, तेवढा भाग मऊ झाला. पातं वरचेवर पाण्यात बुडवावं, आणि निळं पडलंच तर तो भाग घासून काढून टाकण्याला पर्याय नाही. धारेची परीक्षा मऊ लाकडाच्या आडव्या कापावर घ्यावी. बोथट पटाशी तंतू चिरडते आणि जागा पांढरट, भुसभुशीत दिसते. धारदार पटाशीमागे चकाकी राहते.

रंधा मारताना नवशिक्याच्या फळीची दोन्ही टोकं उतरतात आणि मधला भाग वर राहतो. सुरुवातीला भार रंध्याच्या पुढच्या भागावर हवा, शेवटी मागच्या. फळीत पीळ आहे का हे पाहायला दोन सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या तिच्या दोन टोकांवर आडव्या ठेवून एकीच्या वरून दुसरीकडे नजर लावायची. तंतू उचकटत असतील तर आधी फळी फिरवून उलट दिशेने रंधा चालवा, मग धार बघा, मग पातं कमी बाहेर काढा. हा क्रमही महत्त्वाचा.

आता ओलं लाकूड. लाकडातला ओलावा कोरड्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. छोटा तुकडा 200 ग्रॅम भरला आणि 103 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवल्यावर 175 ग्रॅम उरला, तर ओलावा 25 भागिले 175, म्हणजे सुमारे 14 टक्के. प्रशिक्षणात ओलावामापक असला तरी ही पद्धत एकदा हाताने करावी. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं, आणि खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने त्रिज्येच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट. साध्या चिरलेल्या फळीसाठी ढोबळ हिशोब असा: ओलाव्यात 4 टक्क्यांचा फरक पडला की रुंदीत सुमारे 1 टक्क्याचा. 900 मिमी रुंदीचा टेबलाचा पृष्ठभाग 16 वरून 8 टक्क्यांवर आला तर सुमारे 18 मिमी आटेल. तो चौकटीला गोंदाने किंवा घट्ट स्क्रूने जखडला असेल तर फाटतोच. म्हणून स्क्रूची भोकं लांबट ठेवतात, आणि दाराच्या चौकटीतली फळी खाचेत गोंदाशिवाय सोडतात.

प्लायवूडला हा त्रास फारसा नाही, पण त्याचं गणित वेगळं. 2440 मिमी लांबीच्या शीटमधून 610 मिमीचे चार तुकडे कागदावर निघतात, करवतीखाली निघत नाहीत. पात्याची जाडी 3 मिमी धरली तर तीन कापांत 9 मिमी भुशात जातात. कटिंग लिस्ट बनवताना हे विसरणाऱ्याला चौथा तुकडा आखूड मिळतो.

यंत्रं हाताने सांधा जमल्यावरच द्यावीत. टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) फळी पात्याच्या मागच्या बाजूला आवळली गेली किंवा फेन्सपासून (पात्याला समांतर आधारपट्टी) सरकून पात्याच्या मागच्या दातांवर चढली, की दात तिला उचलून चालवणाऱ्याच्या दिशेने फेकतात. त्याला किकबॅक म्हणतात. पात्यामागचा रायव्हिंग नाइफ (काप मिटू न देणारी पातळ पट्टी) काढून काम करू देऊ नये. लांब फळीचं टोक आडवं कापताना मायटर गेज (आडव्या कापासाठी फळी कोनात धरून सरकवायचा आधार) आणि फेन्स एकाच वेळी वापरू नयेत, तुकडा दोहोंमध्ये अडकतो. अरुंद तुकड्याला पुश स्टिक, म्हणजे पुढे ढकलायची काठी, आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे नाहीत. भुसा ओढणारं यंत्र ही चैन नव्हे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 मध्ये कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे.

पुढे कोणती वाट धरायची, तर जागतिक कौशल्य स्पर्धेतही इमारतीचं सुतारकाम, दारं-खिडक्यांचं जोडकाम आणि फर्निचर हे तीन वेगळे विभाग आहेत. पाया तिन्हींचा एकच. प्रवेश घेण्यापूर्वी एवढं विचारा: एका बाकावर किती जण, प्रत्येकाला स्वतःची पटाशी आणि दगड मिळतो का, आणि बनवलेला सांधा तपासतात कसा?

या शेवटच्या प्रश्नाचं मला पटणारं उत्तर एकच आहे. गोंद वाळल्यावर, निदान 24 तासांनी, सांधा मधोमध लांबीत चिरायचा. टेनन भोकाच्या भिंतींना पूर्ण भिडलाय की फक्त तोंडाशी, भिंत मध्ये फुगली आहे का, गोंद कुठवर पोचला, तळाशी किती जागा उरली, हे सगळं उघडं पडतं. चिरण्याआधी शिकणाऱ्याने आत काय दिसेल ते वहीत लिहायचं, आणि मग दोन्ही अर्धे बाकावर ठेवून वहीशी ताडून पाहायचे.