शेवटची चूळ त्याची

घणसोली, सकाळचे साडेसहा. बेसिनसमोर स्टुलावर उभा आहे तो साडेचार वर्षांचा आहे, मागे आई, आणि टाइल्सवर चार फोटो ओळीने चिकटवलेत: पेस्ट, ब्रश, दात, चूळ. सहा महिन्यांपूर्वी नुसता ब्रश दिसला तरी हा कानांवर हात ठेवून किंचाळायचा आणि शेजारचे म्हणायचे, फार हट्टी आहे हो. हट्टी नव्हताच तो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना स्पर्श, चव, आवाज आपल्यापेक्षा खूप जास्त जाणवतात, आणि पेस्टचा तो झणझणीत पुदिना त्याला खरंच सहन होत नव्हता.

थेरपी तेव्हाही चालूच होत्या, पण प्रत्येक आपापल्या खोलीत. ओटीत (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठीची थेरपी) झोका, स्पीच थेरपीत प्राण्यांची चित्रं, बिहेवियर थेरपीत रंग, आणि घरी आल्यावर दात घासायला तिघांनी धरायचं. मग सगळ्यांनी मिळून एकच काम हातात घेतलं, ब्रश. ओटीच्या मॅडमनी पेस्ट बंदच करायला लावली, आधी आईचं ओलं बोट हिरड्यांवरून, मग मऊ ब्रश नुसत्या पाण्याचा, मग बिनचवीची पेस्ट अगदी टिपकाभर. स्पीचच्या ताईंनी बोलायची घाई न करता 'थांब'चं कार्ड दिलं, त्याने ते दाखवलं की ब्रश खरोखर थांबायचा, आणि मला वाटतं खरा फरक इथेच पडला, कारण थांबवता येतं हे कळल्यावर त्याला किंचाळावं लागेना. बिहेवियर थेरपीत याच कामाच्या छोट्या पायऱ्या पाडल्या आणि शिकवलं शेवटाकडून, म्हणजे बाकी सगळं आई करणार, शेवटची चूळ फक्त त्याची, ती जमली की लगेच नळाखाली हात धरून खेळायचं. मग त्याच्या आधीची पायरी, मग तिच्या आधीची. काम रोज त्याच्याच हातून पुरं होतं.

खर्चाचं ओझं मोठं असतं. म्हणून सांगतो, खारघरला एनआयईपीआयडी या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे, वाशीला महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचाही खर्च काही मर्यादेत बसतो. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट लवकर काढा.

आज त्याने खालचे दात स्वतः घासले, चूळ भरली, आणि चौथ्या फोटोवर बोट ठेवून आईकडे बघितलं. पेस्टचं झाकण अजून आईच उघडते.